थोरल्यांची मंडई, धाकट्यांचे बंड

१९२४ साली पुण्याच्या मंडईसमोर, म्हणजे तेव्हाच्या रे मार्केटसमोर, लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला, तेव्हा टिळकांना जाऊन चार वर्षे झाली होती. अनावरण मोतीलाल नेहरूंच्या हस्ते झाले. पुणे नगरपालिकेत त्या वेळी न. चिं. केळकरांच्या नेतृत्वाखालील टिळक अनुयायांचा वरचष्मा होता. गावच्या थोर पुरुषाचे स्मारक गावच्या सर्वांत गजबजलेल्या जागी व्हावे, यात वावगे काय, असे त्यांना मनापासून वाटत होते. पण मंडईच्या आसपासच्या पेठांत काही तरुण असे होते, ज्यांना या जागेवर वेगळाच हक्क दिसत होता. हीच मंडई बांधण्याचा विषय १८८० च्या सुमारास नगरपालिकेपुढे आला, तेव्हा जोतीराव फुले तिचे सभासद होते. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असे सांगत त्यांनी विरोध केला होता. शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात बसणारा भाजीबाजार उठवून या नव्या इमारतीत नेला गेला, तेव्हा तिच्यावर गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव चढले. फुल्यांच्या विरोधाची आठवण राहिली ती माळी, बागवान आणि आडत्यांच्या वस्तीत. टिळकांचा पुतळा झाल्यावर, १९२५ साली, केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत फुल्यांच्या पुतळ्याची मागणी केली. त्या प्रस्तावावरून मोठे वादळ झाले आणि तो फेटाळला गेला. जेधे तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते.

या भांडणाची नोंद आपल्या इतिहासात ‘ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद’ या मथळ्याखाली होते. मथळा खरा आहे, पण तो तीन प्रश्नांची उत्तरे देत नाही. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची आणि शाहू महाराजांच्या वेदोक्त विधींच्या हक्कावरून कोल्हापुरात उठलेले वेदोक्त प्रकरण शतकाच्या वळणावरचे. मग पुण्यात आग भडकली ती १९२२ सालीच का? ती भडकवणारे जवळजवळ सगळे पंचविशी-तिशीतले का होते? आणि ज्या काँग्रेसला ते भटांचा पक्ष म्हणून शिव्या घालत होते, तिच्याच झेंड्याखाली त्यांच्यातले बहुतेक जण आठ वर्षांत कसे येऊन उभे राहिले? या प्रश्नांची उत्तरे जातीच्या जोडीला पिढी हा घटक लक्षात घेतल्याखेरीज मिळत नाहीत. आणि पिढी म्हणजे नुसते वय असेही मला म्हणायचे नाही. माझे म्हणणे असे, की राजकारणात तरुणांचे बंड रक्त गरम असल्यामुळे होत नाही. वडीलधारी पिढी आपल्याच हातांनी एखाद्या नव्या वर्गाला तयार करते, त्याला शिकवते, सभेत उभे राहायला आणि वर्तमानपत्र काढायला शिकवते, आणि मग त्याच्यासाठी जागा करायची वेळ आली की अंग चोरते. बंड होते ते त्या वेळी. त्याचा पहिला घाव दाराआडच्या शत्रूवर दिसतो, पण त्याचे खरे भांडण दारात उभ्या असलेल्या आपल्याच थोरल्यांशी असते.

पुण्याला हा प्रकार नवा नव्हता, आणि ज्यांचा पुतळा झाला त्यांचेच तारुण्य त्याची साक्ष देते. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकर तिशीच्या आत होते आणि टिळक तेवीस वर्षांचे. सरकारी नोकरी हेच इंग्रजी शिक्षणाचे फळ मानणाऱ्या पिढीला या मुलांनी तोंडावर नकार दिला होता. पुढे १८९५ साली काँग्रेसचे अधिवेशन पुण्यात भरायचे ठरले, तेव्हा सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात भरवू देणार नाही, असा हट्ट टिळकपक्षाने धरला आणि तो पुरा केला. त्याच साली सार्वजनिक सभाही न्यायमूर्ती रानड्यांच्या हातून गेली. त्यांना आणि गोखल्यांना दुसऱ्या वर्षी डेक्कन सभा नावाचे वेगळे घर मांडावे लागले. गणपतीपुढे पदे गाणारे मेळे, शिवजयंतीचे उत्सव, चव्हाट्यावरची भाषणे, अग्रलेखातली तिखट मराठी ही सारी हत्यारे टिळकांच्या पिढीने नेमस्त थोरल्यांविरुद्ध घडवली. सभागृहातल्या अर्ज-विनंत्यांचे राजकारण रस्त्यावर आणले, हे त्या पिढीचे कर्तृत्व. पण रस्त्यावर आलेले राजकारण फक्त आपल्याच पेठेतून जाईल, असे कोणी ठरवू शकत नाही. रस्ता शुक्रवार पेठेतूनही जातो.

शुक्रवार पेठेत जेध्यांचे घराणे पितळी भांड्यांच्या कारखानदारीत वर आलेले होते. केशवरावांचे थोरले बंधू बाबुराव शाहू महाराजांच्या वर्तुळातले, सत्यशोधक चळवळीतले वजनदार गृहस्थ. जेधे मॅन्शन या त्यांच्या वाड्यात पुढच्या काळात ब्राह्मणेतर चळवळीचे पुण्यातले ठाणेच पडले. अशी घरे, अशी मुले विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत महाराष्ट्रभर तयार होत होती. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे काढली. पुण्यात १९१८ साली बाबुराव जगतापांनी श्री शिवाजी मराठा हायस्कूल उभे केले. मुकुंदराव पाटलांचा ‘दीनमित्र’ १९१० पासून निघत होता, वालचंद कोठाऱ्यांचा ‘जागरूक’ १९१७ पासून, श्रीपतराव शिंद्यांचा ‘विजयी मराठा’ १९१९ पासून. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी मुंबई कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या. म्हणजे शाळा होती, छापखाना होता, मतपेटी होती. हे सारे मिळवून देणारी पिढी कर्ती होती, आणि तिचे ऋण तिच्याविरुद्ध उठलेल्यांनीही नाकारलेले नाही. भास्करराव जाधव १८६७ चे, अण्णासाहेब लठ्ठे १८७८ चे. या मंडळींची समजूत अशी, की इंग्रज राज्याने दिलेली संधी हातची जाऊ न देता हळूहळू वर चढायचे, आणि त्यासाठी सरकारशी गोडीने राहायचे. नोव्हेंबर १९२१ मध्ये पुण्यातल्या शिवाजी स्मारकाची कोनशिला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसवण्यात आली, ती या धोरणाला धरूनच. दोनच दिवसांपूर्वी युवराज मुंबईत उतरले तेव्हा असहकाराच्या बहिष्काराने ते शहर पेटले होते. शिवछत्रपतींच्या स्मारकाचा दगड राजपुत्राच्या हाताने बसावा, हे थोरल्या पिढीला मानाचे वाटले. त्या पिढीने शाळेत घातलेल्या मुलांना ते तितके सोपे वाटले नसणार. शिवाजीचे नाव त्यांनी स्वराज्य या शब्दाबरोबरच ऐकले होते.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज वारले. वय अवघे सत्तेचाळीस. त्याआधी १९२० मध्ये १ ऑगस्टला टिळक गेले होते. या दोन मृत्यूंकडे एकत्र पाहिल्याशिवाय पुढची सात-आठ वर्षे समजत नाहीत, असे मला वाटते. दोघे एकमेकांचे कडवे विरोधक होते, पण दोघांच्याही शब्दाला आपापल्या बाजूला अखेरचा मान होता. ते गेल्यावर दोन्ही बाजूंना अनुयायी उरले. तरुणांना ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार नेत्याला असतो, नेत्याच्या अनुयायाला तो वारशाने मिळत नाही. त्याच १९२२ च्या गणेशोत्सवात जेधे मंडळींनी छत्रपती मेळा उभा केला. टिळकांच्या उत्सवातून निघालेला मेळा हा प्रकार जसाच्या तसा उचलून, त्यातली पदे मात्र भटशाहीवर, पुरोहितावर, सदाशिव-नारायण पेठांच्या मक्तेदारीवर रचून हे तरुण त्याच उत्सवात उतरले. सन्मित्र समाजासारख्या जुन्या नामांकित मेळ्यांशी त्यांचे खटके उडाले. पदांना पदांनी उत्तरे झाली, कधी शब्दांवरून हातघाईवर प्रकरण आले, आणि सरकारला मेळ्यांवर नजर ठेवावी लागली. या मेळ्याचे शब्द ज्यांच्या लेखणीतून उतरत, ते दिनकरराव जवळकर तेव्हा चोवीस वर्षांचे होते. आळंदीजवळच्या चऱ्होलीकडचा हा मुलगा शाहू महाराजांच्या नजरेत भरला होता. त्याने काढलेल्या पत्राचे नाव ‘तरुण मराठा’ असावे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ‘विजयी मराठा’ हे थोरल्यांचे नाव, मिळालेल्या यशाचे. धाकट्यांनी आपल्या वयालाच बिरुद केले.

जागा मंडईच का, याचेही कारण आहे. केसरीवाडा, तुळशीबाग, विश्रामबाग यांच्या आसपासचे पुणे लिहिण्यावाचण्याच्या जोरावर चाले. मंडईत सगळ्या पुण्याचा पाय रोज पडे. भल्या पहाटे आसपासच्या मळ्यांतून माल येई, आडत्यांचे लिलाव होत, ब्राह्मण घरातली पिशवी आणि माळणीची पाटी तिथे समोरासमोर येत. मंडईचा गणपतीही जुना, सार्वजनिक उत्सवाच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतला. म्हणून टिळकांचा पुतळा तिथे बसवणे आणि फुल्यांचा पुतळा मागणे ही दोन्ही कृत्ये एकाच प्रश्नाची होती : सगळ्यांच्या जागेवर स्मृती कोणाची? पुणेकर पुढे ‘मंडई विद्यापीठ’ असा शब्द कौतुकाने वापरू लागले. त्या विद्यापीठातला पहिला मोठा वाद हा होता.

आता ‘देशाचे दुश्मन’कडे येऊ, कारण या बंडाविरुद्धचा सगळ्यात सबळ आक्षेप तिथेच आहे. जवळकरांनी १९२५ साली लिहिलेल्या या पुस्तिकेचे प्रकाशक जेधे. चिपळूणकर आणि टिळक यांना तीत देशाचे दुश्मन ठरवले होते, आणि भाषा अशी होती की पुढच्या काळातल्या सहानुभूतीच्या वाचकालाही ती पानोपानी बोचते. चिपळूणकरांच्या घराण्यातून फिर्याद झाली. खालच्या कोर्टाने जवळकर-जेध्यांसह चौघांना तुरुंगवासाची शिक्षा सांगितली. अपिलात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर, आणि १९२६ मध्ये आरोपी सुटले. आक्षेप असा, की याला बंड म्हणायचे कशाला? ही केवळ शिवीगाळ. मेलेल्या माणसांवर चिखलफेक करण्यात कसला विचार? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. टिळकांनी सहा वर्षे मंडालेत काढली होती. त्यांना देशाचे दुश्मन म्हणणे असत्य होते, आणि असत्य तरुणाने बोलल्याने सत्य होत नाही. पण ही भाषा आली कुठून, हे पाहिले पाहिजे. ‘निबंधमाले’त चिपळूणकरांनी फुल्यांच्या लेखनाची जी खिल्ली उडवली, त्यांच्या व्याकरणावर आणि शिक्षणावर जे फटके ओढले, ते मराठी गद्याचे वैभव म्हणून पन्नास वर्षे शाळाशाळांतून वाखाणले गेले. प्रतिपक्षाला उत्तर देण्याऐवजी त्याला हास्यास्पद करायचे, ही शैली जवळकरांनी शोधून काढलेली नाही. ती या भाषेत प्रतिष्ठित होती. फरक इतकाच, की आजवर ती वरून खाली वाहत होती आणि आता पहिल्यांदा खालून वर आली. एका पिढीने ज्या गुणाला तेजस्विता म्हटले, तोच पुढच्या पिढीत दिसल्यावर तिला तो असभ्यपणा वाटला. दोन्हीकडे तो दोषच होता, असे माझे मत आहे. पण दोष वारशाने आला आहे हे मान्य केले, तर तो तरुणांच्या वयाच्या माथी मारता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हा सगळा झगडा जातीचा होता, त्यात पिढी कुठून आणता, असे कोणी विचारील. ब्राह्मण तरुण आणि ब्राह्मण वृद्ध एका बाजूला, मराठे-माळी तरुण आणि वृद्ध दुसऱ्या बाजूला, अशीच वाटणी असती तर मी हा आक्षेप निमूट मान्य केला असता. पण नेमकी तशी वाटणी नव्हती. टिळकांच्या मागे त्यांच्या पक्षात काय झाले पाहा. केळकर १८७२ चे. त्यांच्या पिढीला गांधींचा असहकार कधी मानवला नाही. कौन्सिलात जाऊन मिळेल ते पदरात पाडून घ्यायचे या विचाराने केळकर, जयकर आणि मुंजे यांनी १९२५-२६ मध्ये प्रतिसहकाराचा पक्ष काढला. त्यांच्या विरोधात पुण्यातलेच तरुण ब्राह्मण उभे राहिले : शंकरराव देव १८९५ चे, नरहर विष्णु ऊर्फ काकासाहेब गाडगीळ १८९६ चे. गाडगीळ आणि जेधे एकाच सालचे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गाडगिळांचे केळकरांशी जे भांडण, तेच जेध्यांचे भास्करराव जाधवांशी. दोन्हीकडचे थोरले वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले होते. जाधव मुंबई सरकारात मंत्री झाले आणि केळकरपक्ष कौन्सिलप्रवेशाचे समर्थन करू लागला. लोकांना घेऊन सरकारविरुद्ध जायचे नाही, यावर दोघांचे एकमत. दोन तटांच्या आत एकेक तट पडला होता, आणि आतल्या तटांची रेघ वयाच्या रेघेला बरीच जुळत होती. या जुळण्यातूनच पुढे जेधे-गाडगीळ ही जोडी झाली. नुसत्या जातीच्या हिशेबाने ती कधीच जमली नसती.

जात मात्र या जोडीआधी आपली किंमत वसूल करून गेली, हे सांगितलेच पाहिजे. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह पेटला तेव्हा जेधे-जवळकरांनी आंबेडकरांना पाठिंबा देऊ केला, पण अट घातली, की या लढ्यात ब्राह्मणांना घेऊ नये. आंबेडकरांनी ती अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या प्रत्येक माणसाला नाही, असे त्यांनी ‘बहिष्कृत भारता’त जाहीरपणे लिहिले. एका वर्षापूर्वी ज्यांना कोर्टात वाचवले, त्यांनाच हा माणूस सिद्धान्ताच्या ठिकाणी सरळ नाही म्हणतो. जेध्यांच्या वळणात या नकाराचा वाटा किती, हे मोजता येणार नाही. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत ते ज्या दिशेने गेले, ती दिशा हा नकार दाखवत होता. शत्रू ओळखायला जात पुरते, मित्र ओळखायला पुरत नाही, हे त्या दोघा तरुणांना कोणीतरी सांगणे आवश्यक होते, आणि ते त्यांच्याहून पाच-सात वर्षांनीच मोठ्या असलेल्या आंबेडकरांनी सांगितले.

तिसरा आक्षेप समाजशास्त्राचा आहे. एकाच वयाचे तरुण विरुद्ध बाजूंनाही असतात. छत्रपती मेळ्यावर धावून जाणारेही तरुणच होते, हिंदुसभेकडे वळलेलेही तरुणच. मग पिढी हे कारण कसे? योगायोग असा, की जर्मनीत कार्ल मानहाइम याने याच प्रश्नावरचा आपला प्रसिद्ध निबंध १९२८ साली प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : एकाच काळात जन्मणे ही नुसती शक्यता आहे. तरुणपणी एकाच ऐतिहासिक आघाताला सामोरे गेल्याने पिढी बनते, आणि त्या आघाताला वेगवेगळी उत्तरे देणारे गट एकाच पिढीत परस्परविरोधी उभे राहू शकतात. पुण्याच्या या तरुणांचा आघात एकच होता. महायुद्धानंतरची महागाई, १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, असहकार चळवळीची लाट आणि तिची माघार, जुने नेते गेल्याची पोकळी. उत्तरे वेगळी निघाली. याला मी आणखी एक पुस्ती जोडेन. वय हे बंडाचे कारण नसल्याचा सर्वांत चांगला पुरावा या बंडातले म्हातारेच आहेत. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतृत्व करणारे शिवराम जानबा कांबळे १८७५ चे, म्हणजे पन्नाशी ओलांडलेले. त्यांच्या शेजारी पां. ना. राजभोज चोवीस वर्षांचे. पाठिंब्याला गाडगीळ आले. पंचविशीतले एस. एम. जोशीही आले आणि सनातन्यांचा मार खाऊन परतले. विठ्ठल रामजी शिंदे १८७३ चे. ब्राह्मणेतर तरुणांना काँग्रेसकडे वळवण्याची खटपट करणाऱ्यांत ते आघाडीवर होते. कांबळ्यांसाठी दार उघडलेच नव्हते, म्हणून ते पन्नाशीतही बंडखोर राहिले. तिकडे पंचविशीतही ज्यांच्यासाठी दार उघडे होते, ते आपल्या थोरल्यांच्या शेजारी जाऊन बसले.

पर्वतीच्या आदल्या डिसेंबरात पुण्यात मुंबई इलाख्याची युवक परिषद भरली होती आणि जवाहरलाल नेहरू तिचे अध्यक्ष होते. देशभर युथ लीगच्या शाखा निघत होत्या, सायमन कमिशनला काळे झेंडे दाखवले जात होते, आणि खुद्द काँग्रेसमध्ये मोतीलालांचा वसाहतीच्या स्वराज्याचा आराखडा व मुलाचा संपूर्ण स्वातंत्र्याचा आग्रह एकमेकांना भिडले होते. म्हणजे ज्यांच्या हातांनी मंडईतल्या पुतळ्याचे अनावरण झाले, त्यांच्याच घरात बाप आणि मुलगा दोन बाजूंना होते. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे हे पुण्याचे तरुण या युथ लीगमधूनच पुढे आले, आणि समाजवादाकडे गेले. जेध्यांच्या मंडळींना काँग्रेस आता केळकरांची राहिलेली नाही, हे या मुलांमुळे दिसू लागले. थोरल्यांशी भांडून बाहेर पडलेल्याला दुसऱ्या बाजूने तसाच भांडून बाहेर पडलेला भेटला, की जुने वैर सैल होते. पुण्यात १९२९-३० मध्ये हेच झाले, आणि माझ्या मते त्या दशकातली महाराष्ट्राच्या राजकारणातली ही सर्वांत मोठ्या परिणामांची घटना आहे.

अखेरचा आक्षेप त्या काळच्या टिळकपक्षीय पत्रांत नेहमीचा होता, आणि अजूनही अधूनमधून ऐकू येतो : ब्राह्मणेतर चळवळ इंग्रजांनी फूस लावून उठवली. थोरल्या पिढीपुरते यात तथ्य दिसते, म्हणून तो टिकून राहिला. सरकारशी गोडी हे तिचे उघड धोरण होते आणि तिचे नेते मंत्रिमंडळात बसले होते. पण फूस लावलेला माणूस फूस लावणाऱ्याच्या तुरुंगात जात नाही. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा केशवराव जेधे काँग्रेसबरोबर गेले, आणि कायदेभंगात त्यांनी तुरुंगवास भोगला. त्यांच्यामागे मावळ, बारामती, सातारा, खानदेश इकडचा शेतकरी तरुण मोठ्या प्रमाणात चळवळीत आला. पुण्या-मुंबईच्या वकिलांपुरती राहिलेली महाराष्ट्रातली काँग्रेस खेड्यात पोचली. तिच्या १९३६ च्या फैजपूर अधिवेशनाची खेड्यात भरण्याची हिंमत याच माणसांच्या बळावर होती. जवळकर १९२९ साली इंग्लंडला जाऊन आले आणि तिथून परतले ते बदलून. सावकार, जमीन, सरकार हे त्यांच्या लेखणीचे नवे विषय झाले. ‘तेज’ हे पत्र त्यांनी त्या नव्या विचारांसाठी काढले. ३ मे १९३२ रोजी, चौतिसाव्या वर्षी, ते गेले. भडक पुस्तिकेचा लेखक एवढीच त्यांची ओळख पुष्कळ काळ राहिली. य. दि. फडक्यांनी त्यांचे समग्र वाङ्मय एकत्र करून छापले, तेव्हा कुठे वाचकांना हा माणूस शेवटच्या चार वर्षांत किती पुढे गेला होता ते दिसले. त्यांच्या अकाली जाण्याने या बंडातला विचार करणारा हात गेला, आणि ती हानी भरून निघाली नाही.

कारण हे बंड काँग्रेसमध्ये विरघळताना काही गोष्टी मागे राहिल्या, आणि त्यांच्याकडे डोळेझाक करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. जेध्यांच्या प्रवेशाने मराठा शेतकऱ्याला जागा मिळाली. पर्वतीच्या पायऱ्यांवर मार खाणाऱ्यांना ती मिळाली नाही. त्यांचा प्रश्न १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात पुणे कराराने मिटवल्यासारखा झाला, आणि आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढून आपली वाट वेगळी केली. फुल्यांनी मंडईच्या पैशाऐवजी मागितलेल्या शाळांचे काय झाले, हा प्रश्न तर पुतळ्यांच्या धामधुमीत कोणी विचारलाच नाही, ना थोरल्यांनी ना धाकट्यांनी. तीसच्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव महात्मा फुले मंडई झाले. नाव बदलायला पंधरा वर्षांपूर्वी कोणाचीही छाती झाली नसती, इतके पुणे त्या मधल्या काळात बदलले होते, आणि ते बदलण्यात मेळ्यांच्या त्या कर्कश पदांचा वाटा होता. पण नावाचा हिशेब चुकता झाला म्हणून मागणीचाही झाला असे होत नाही.

पुढे जेधे स्वतः थोरले झाले. महाराष्ट्र काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, त्यांच्या सावलीत पुष्कळ तरुण वाढले. स्वातंत्र्य मिळता मिळता काँग्रेसमधल्या शेतकरी कार्यकर्त्यांना पक्षाची दारे पुन्हा अरुंद वाटू लागली, आणि पन्नाशी ओलांडलेले जेधे शंकरराव मोऱ्यांबरोबर बाहेर पडले. त्यातून १९४७-४८ मध्ये शेतकरी कामगार पक्ष झाला. काही वर्षांनी ते परत काँग्रेसमध्ये आले, तरी ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली. टिळकांच्या पुतळ्याला उत्तर म्हणून फुल्यांचा पुतळा मागणारा माणूस टिळकांच्या नावाच्या सभागृहात अध्यक्ष होता, आणि त्याच समितीचे सरचिटणीसपद पुढे ज्यांच्याकडे गेले ते पर्वतीवर मार खाल्लेले एस. एम. जोशी. तेव्हा जेध्यांना साठावे वर्ष लागले होते. समितीच्या विरोधात, द्विभाषिकाच्या बाजूने उभे राहिलेले यशवंतराव चव्हाण बेचाळीस वर्षांचे होते आणि त्या नोव्हेंबरात मुख्यमंत्री झाले. जेध्यांनी काँग्रेसमध्ये आणलेल्या शेतकरी तरुणांच्या पिढीतूनच ते वर आले होते. बंडखोर म्हातारा आणि सत्ताधारी तरुण, अशी ती वाटणी होती.